मॅन्युअलपुरती भाषा

वागळे इस्टेटजवळचा हॉल. दुसऱ्या भागात
खालची अक्षरं गेली;
पडद्यावर नुसता बर्फ आणि रशियन.
"तारी, तुम्ही सांगा की!"
तारी उठले. बत्तीस वर्षं रशियन लेथवर,
भाषा येते ती मॅन्युअलपुरती.

नाचता नाचता सरदार तिच्या कानाशी वाकला.
"म्हणतोय, दाब वाढलाय."
हसलो आम्ही.
तोफा सुटल्या. "फार तापलंय,
बंद करा म्हणतायत."
घोडे तसेच पुढे.

मग ती म्हातारी जमीनदारीण, हातात पत्र,
दिवा जवळ ओढून
एकच ओळ पुन्हा वाचते, मोठ्यानं.
तारी बोलेनात.
मागून कुणीतरी, "काय म्हणतेय?"

"हा पार्ट," त्यांनी चष्मा काढला,
"आता बनत नाही."