हातचा

पत्र मंगळवारी आलं, दोन पानी.
पहिल्या पानावर राज्याचं बोधचिन्ह, आभार, शुभेच्छा.
दुसऱ्यावर, खालून चौथ्या ओळीत,
गावांना द्यायचं अनुदान
आणि कंसात एक आकडा.

कंसातला आकडा म्हणजे वजा.
हे व्हर्ना हॉगडालला समजावून सांगायला नको.
एकोणीस वर्षं ती या गावाची कारकून,
खजिनदारही तीच, दफनभूमीची नोंदवहीही तिच्याचकडे,
आणि जानेवारीत नळ गोठले
की शिव्या खाणारा फोन तिचाच.

राजधानी इथून दोनशे चाळीस मैल.
तिथली तूट अब्जांत असते.
अब्ज कुणाला दिसत नाही, म्हणून दुखतही नाही.
इथली तूट हाताला लागते:
बर्फ ढकलणाऱ्या गाडीचं पातं, कडेनं दात पडलेलं,
त्यावर डेल तुओमीनं खडूनं लिहिलंय
'हे वर्ष निघेल'.
खाली तारीख तीन वर्षांपूर्वीची.

शाळेत शिकलो ती वजाबाकी वेगळी होती.
एकंला कमी पडलं
की ते दहंच्या दारात जायचं,
हातचा मागून आणायचं.
दहं शतकाकडे, शतक हजाराकडे.
थोरल्या घरानं धाकट्याला द्यायचं, एवढंच गणित.
हे कुठलं गणित,
ज्यात अब्जाला कमी पडतं
आणि ते येऊन एकंचं दार वाजवतं?

बैठक गुरुवारी, बंबाच्या शेडमध्ये.
घडीच्या खुर्च्या, पातळ कॉफी.
ओन्नी कांगास म्हणाला, वाचनालयाचा शनिवार बंद करा,
शनिवारी तिथे येतं कोण?
"तूच येतोस की," मागून कुणीतरी,
"घरचा हीटर वाचवायला."
हशा झाला.
ओन्नी हसला नाही, तेव्हा बाकीचेही थांबले.

शनिवार राहिला. पातं राहिलं, जुनंच.
डेलचे रात्रपाळीचे जादा तास गेले.
आणि दिवे: एकशे बारा खांब,
एक सोडून एक विझवायचा.
दात कोरून पोट भरत नाही,
हे माहीत असलेले चार हात वर गेले.
पाचवा टेबलावरच राहिला.

मोजणी कुठून सुरू करायची हे ठरावात नव्हतं.
व्हर्नानं ती आपल्या दारापासून केली,
म्हणजे पहिला काळोख तिचा.
त्या हिवाळ्यात ती दोनदा पडली.
दुसऱ्यांदा मनगट.
अपघाताच्या नोंदीत 'कारण' या रकान्यात
तिनं डाव्या हातानं लिहिलं: बर्फ.

पुढच्या जूनमध्ये नवं पत्र.
तीच ओळ, आकड्याचा कंस गळलेला,
शेजारी एक शब्द: 'पूर्ववत'.
राजधानीत म्हणे टाळ्या वाजल्या.

व्हर्नानं वीज कंपनीला फोन केला.
छप्पनपैकी एक्कावन्न दिवे लागले,
पाच ठिकाणी तारा खारींनी कुरतडलेल्या.
मग डेलला केला.
तो आता पश्चिमेला, तेलाच्या विहिरींवर.
म्हणाला, पोरीला इथली शाळा आवडलीय,
आणि थोडं थांबून,
"पातं बदललं का गं?"

दुरुस्तीच्या यादीत
तिनं आपल्या दारचा खांब पाचवा लिहिला.
रात्री घरी येते तेव्हा
पर्समध्ये टॉर्च असतो. काढत नाही.
कुलूप आता हाताला
अंधारातच लवकर सापडतं.