अर्धा इंच

भाचा म्हणतो, मावशी, सगळं सांगत जाऊ नकोस.
काय करायचं ते फुकट,
कसं करायचं त्याचे पैसे.
हे तो पवननगरात मिसळ खाताना सांगतो,
तिसऱ्यांदा रस्सा मागवत.
रस्सा बघ, कितीही घे, पैसे नाहीत,
म्हणून तर गर्दी.
मी म्हटलं, अरे ओजस, पहाटेपासून खपतात ते रस्स्यासाठीच,
मटकी काय, कुणीही भिजवतं.
त्यानं ऐकलं नाही. पाव बुडवत होता.

तर मी कटोरी ब्लाउजचं कटिंग दाखवते,
फरशी पुसायच्या दांड्याला मोबाइल बांधून.
छातीचा चौथा हिस्सा, वर दीड इंच,
खांदा, गळा, टक्स,
आणि मुंढ्यापाशी आले की ओजस व्हिडिओ कापतो.
पुढच्या क्षणी बाही जोडलेली असते.
"बाकीचं क्लासमध्ये," मी हसून सांगते,
"फी दीड हजार, सिडको, पाण्याच्या टाकीमागे."
एक्केचाळीस हजार बायकांनी पाहिलं.
क्लासला सहा जणी.
त्यातली एक माझी जाऊ.

ही रीत माझी नाही.
दहीपुलावर निकुंभबाईंकडे शिकायला जायचे तेव्हा
मुंढा आखायची वेळ झाली की बाई म्हणायच्या,
"छाया, चहा टाक गं."
दोन वर्षं मी चहा टाकला.
मग एकदा दूध आधीच तापवून ठेवलं
आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं:
पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत.
एवढंच.
बशीत सांडलेला चहा त्या दिवशी बाईंनीच पुसला,
काही बोलल्या नाहीत.

गेल्या बुधवारी पेठच्या गाडीनं यमुना गावित आल्या,
पत्ता विचारत, विचारत.
पिशवीत मोरपंखी ब्लाउज, लेकीच्या साखरपुड्याचा.
"तुमचं बघूनच बेतला. अकरा वेळा बघितलं.
पण बगलेत चुण्या पडत्यात.
माझंच काय तरी चुकलं आसंल."

माझंच, म्हणाल्या.

मी बाह्या उसवल्या.
म्हणता आलं असतं, यमुनाताई, जरा पाणी आणता का,
माठ आतल्या खोलीत आहे.
ओठावर आलेलंही.
खडूनं रेघ ओढली, त्यांच्या समोर,
आणि कात्री चालवली.
टेबलावर दोन तुकडे पडले,
कापलेल्या नखांसारखे, वाकडे, मोरपंखी.
"एवढंच व्हय?"
"एवढंच."
"मग सांगितलं का न्हाई?"
विसरले म्हणणार होते,
पण तोंडात टाचण्या होत्या.

बाह्या जोडायचे साठ घेतले.
शिकवल्याचे किती, त्यांनी विचारलं नाही,
मीही बोलले नाही.
जाताना ते दोन तुकडे त्यांनी रुमालात बांधले:
"मापाला ऱ्हाऊ द्या.
पाड्यावर चार जणी शिवाया लागल्यात, तुमचं बघून."

चार जणी. चार गुणिले दीड हजार.
हिशेब झाल्यावर लाज वाटली,
आणि लाज वाटली याचा रागही आला,
गाळ्याचं भाडं पाच तारखेला असतं,
ते रुमालात बांधून देता येत नाही.

रात्री ओजसला म्हटलं, मुंढा राहू दे या वेळी,
कापू नकोस.
"मग क्लासला कोण येईल?"
मला काय माहीत.
दांडा उभा केला. अस्तराचं कापड पसरलं,
दिवा जवळ ओढला, खडू घेतला.
रेघ सुरू होणार तेवढ्यात
ओजस मोबाइलमागून म्हणाला,
"मावशी, पाठ का करतेस?
इकडे वळ, काही दिसत नाहीये."