फेरविभागणी

विद्यापीठाचं पत्र आलं मंगळवारी, दुपारच्या टपालात,
सोबत नकाशाची झेरॉक्स, इतकी काळी
की दुधना कुठली आणि डांबरी रस्ता कुठला, कळू नये.
आमचं सेलूचं कॉलेज
ब विभागातून ड विभागात.
कारण दोन शब्दांत : प्रशासकीय सोय.

मोठी चार कॉलेजं आधीच बाहेर पडली होती.
त्यांची आता वेगळी स्पर्धा, मॅटवर, रात्रीच्या दिव्यांत,
जर्सीच्या पाठीवर नीटच्या क्लासचं नाव.
मागे उरलेल्यांना कुठेतरी बसवायचं होतं.
बसवलं.

मानवत तासाभरावर.
किनवट म्हणजे एक रात्र,
देगलूर म्हणजे आख्खा दिवस आणि वर उलटी करणारी एखादी पोरगी.

क्रीडा शुल्क डोईमागे तीस रुपये,
तेही समाजकल्याणचे पैसे आले तर.
दोन वर्षांचे आलेले नाहीत.
मी क्रीडा संचालक, म्हणजे दारावरच्या पाटीवर;
पगारपत्रकात तासिकेवर.
बारा पोरी, मी, सोबत एक बाई लागतेच,
चौदा तिकिटं, तीन दिवसांचं जेवण, आयोडेक्स.
बेरीज तीनदा केली.
ती काही माझं ऐकेना.

प्राचार्य म्हणाले, बुद्धिबळ घ्या ना यंदा.
पाच लेकरं, एक जीप, पट घरून आणता येतो.
गुडघे फुटत नाहीत त्यात.

आता खो-खो ज्यानं खेळलाय त्याला विचारा :
पाठीवर थाप पडली की उठायचं,
कोण येतंय मागून, ते बघायला वेळ नसतो.
एकदा दिशा घेतली की घेतली,
मागे वळलात तर शिट्टी.
मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं
तेव्हा पाठीत काहीतरी हललं खरं.

मानवतच्या डुमणे सरांशी माझं एकवीस वर्षांचं भांडण.
एका अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला,
आमच्या उज्ज्वला गिरामचा एक पाय रेषेबाहेर होता, हे मलाही मान्य;
दुसरा टेकला होता की हवेत होता,
यावरून आम्ही दरवर्षी नव्यानं बोलणं बंद करतो.
नाणेफेकीला हात मिळवायचा नाही,
सामना संपला की त्यांच्याच खर्चानं भजी.
उज्ज्वलाची पोरगी आता दहावीला आहे.

संध्याकाळी पोरींना सांगितलं.
आम्रपाली खिल्लारेनं विचारलं,
सर, किनवटच्या पोरी एकेरी साखळी पळतात का दुहेरी?
मला माहीत नव्हतं.
माहीत करून घ्यायलाही भाडं लागतं, हे तिला सांगितलं नाही.
मग सांगावंच लागलं.
म्हटलं, यंदा बहुतेक टीम नाही.
आणि मानवतशी तर आता विभागच वेगळा.
बुटाची नाडी बांधता बांधता तहसीन म्हणाली,
काहून? मानवत उठून गेलं का कुठं?

रात्री फोन आला.
डुमणे सरांना क विभाग मिळाला होता,
औंढ्याच्या पलीकडची कुणीही ओळखीची नसलेली गावं.
म्हणाले, आमच्याकडं कॅरम घ्या म्हणतेत.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
पाय टेकलेला होता, तेवढं लिहून ठेवा.
मी म्हटलं, या इकडं, दाखवा कुठं टेकला ते.
रविवारी येतो, म्हणाले. पोरी घेऊन.
प्रमाणपत्र नाही, गुण नाहीत, भत्ता नाही.
भजी कुणाची, ते ठरलं नाही.

शनिवारी घुगे मामा कुदळ टेकून उभे,
सर, ग्राउंड आखू का?
फक्की अर्धंच पोतं उरली.
बुद्धिबळाला फक्की लागत नाही.
म्हटलं, आखा.
वारं होतं.
मधली पाटी जरा वाकडी आली,
बाहेरची रेघ मात्र
त्यांनी दोनदा मारली.