गुदैबियातला अर्ज

साहेब, ‘प्रयोजन’ लिहायला फॉर्मवर दीड ओळ आहे.
दीड ओळीत मावलं ते एवढंच:
खाटा दोन, बायका पाच.

पाचवी परवा रात्री आली.
टॅक्सीवाल्याने भाडं घेतलं नाही,
मागे वळून पाहिलंही नाही.
पायात घरातल्या स्लिपर, दोन वेगवेगळ्या.
गडहिंग्लजकडची. बोलली ती पहाटे,
तेही फ्रिजशी, माझ्याकडे पाठ करून.

डॉक्टर इंग्रजीत विचारतात, पोलीस अरबीत.
मध्ये मी, दिवसा काज-बटण करणारी.
‘जबरदस्ती’ला अरबीत काय म्हणतात
ते मी मोबाइलवर शोधलं, साहेब,
ती समोर बसलेली असताना.

भाडं वर्गणीतून निघतं.
गणपतीत शिल्लक पडली तेव्हा एसी दुरुस्त झाला.
महाडच्या शमीमआपा डबा पाठवतात,
पण त्यांचाही व्हिसा मार्चपर्यंतच.
उपकार करणारा माणूस कधीतरी घरी जातो.
पगारी माणूस उद्या परत येतो.

म्हणून मागते:
एक दुभाषी, पगारावर.
एक डॉक्टरीणबाई, जी आधी दार लावून घेईल.
वकिलाची फी.
रात्री दोनला फोन उचलणारं कुणीतरी.
खाटा... राहू द्या, खाटांचं आम्ही बघू.

सरकारी काम, सहा महिने थांब,
हे आईच्या तोंडून ऐकतच वाढले.
पण तिच्या कागदावर बारा दिवस आहेत,
त्यातले दोन तुमच्या रांगेत गेले.

आज तिने स्लिपर धुतल्या.
खिडकीत वाळताहेत.

सोबत पावत्या जोडल्या आहेत.
टॅक्सीची नाही.