माती खाल्ली

मार्चात बर्फ वितळून गेल्यावर कुचेरा सरांनी
मागच्या मक्याच्या खुंटांमधून ढेकूळ उचललं,
थुंकी लावून तळहातावर मळलं,
अंगठ्यानं पट्टी ओढली, जाड रिबिनीसारखी,
आणि ती तुटली तसा चिमूटभर तुकडा
सरळ तोंडात टाकला.
"दातांत कचकचली तर गाळाची.
नुसतीच लोण्यासारखी चिकटली तर चिकण.
वाळूला विचारावं लागत नाही, ती आपणहून बोलते."
बाजूला थुंकले. "मिस लुंडग्रेन, आता तुम्ही."

मी ओमाहात चौथ्या मजल्यावर वाढले.
मातीच्या बारा जाती मला पाठ होत्या,
खिडकीत पुदिन्याची एक कुंडी होती, तीही भावाची.
सतरा पोरं बघत असताना
मी चिमूट ओठांपर्यंत नेली
आणि हळूच मुठीत ठेवली.
"गाळाची," म्हणाले.
उत्तर बरोबर होतं.

पन्नास मिनिटांचा पाठ रविवारी रात्र जागून लिहिला होता.
एकोणिसाव्या मिनिटाला तो संपला.
मग मी फळा पुसला. स्वच्छ फळा. पुन्हा पुसला.
मागच्या बाकावरून ग्रेडीनं विचारलं,
"मिस, गाय कधी जवळून पाहिलीय का?"
"म्हणजे काय!" म्हणाले मी.

शनिवारी त्यांच्या गोठ्यात ती माझ्या पायावर उभी राहिली.
साडेसहाशे किलो, रवंथ करत, मनात काही नाही.
मी ओढलं, ढोसलं, तिला "प्लीज"सुद्धा म्हणाले.
"रेला तिच्यावर," ग्रेडी म्हणाला, "खांदा लावा.
ती भार बदलेल, तेवढ्यात पाय काढा."
हेच कुणा प्राध्यापकानं सांगितलं असतं
तर वहीत उतरवून विसरले असते.
अंगठ्याचं नख मेपर्यंत काळं होतं.

नखाचं ठीक आहे. येसेनियाचं सांगायचं राहिलं.
पहिल्या दिवशी विचारलं होतं, कुणाच्या घरी शेती आहे?
तिचा हात वर आला नाही.
मी नावापुढे लिहिलं: शेतीशी संबंध नाही.
एप्रिलात डुकराच्या मांसाचा तक्ता टांगला
आणि छडी टेकवून एका भागाचं नाव चुकीचं वाचलं.
ती उठली. "तो खांदा नाही, मिस. खांदा इथून सुटतो."
बोटानं रेघ ओढली,
हाड कुठे वळतं, सुरी कुठून शिरते, सगळं.
"आई कारखान्यात हेच कापते. अकरा वर्षं.
रात्री तिची मूठ मिटत नाही. वेणी मी घालते तिची."
वर्गात कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही.

मी ती ओळ खोडली,
पण खालची अक्षरं वाचता येतील अशीच.

संध्याकाळी कुचेरा सर वर्कशॉप झाडत होते,
हवेत अजून वेल्डिंगचा जळका वास.
मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले,
"असल्या ओळींचं माझं एक अख्खं रजिस्टर आहे. एकतीस वर्षांचं."
आणि झाडू माझ्या हातात दिला.

मेमध्ये शेवटचं निरीक्षण.
सर मागे फॉर्म घेऊन उभे.
मी वाकले, ढेकूळ उचललं, थुंकी, मळणं, पट्टी,
आणि या खेपेला चांगली चिमूटभर जिभेवर.
कचकच. कानांत ऐकू येईल इतकी.
"सांगा पाहू," भरल्या तोंडानं म्हणाले.
"मिस," येसेनिया म्हणाली,
"त्या कडेला काल फवारलंय."

मी थुंकले, नळाकडे धावले, पुन्हा थुंकले.
सतरा पोरं कुंपणाला धरून हसत होती.
सरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, हातानं झाकून.
"पण मिस," ग्रेडीनं पाण्याची बाटली पुढे केली,
"या वेळी खरंच खाल्लीत."