तोर्मा

सेगेदच्या बाजारात तोर्मा विकणारी बाई एकच.
मातीने माखलेलं पांढरं मूळ, मनगटाएवढं जाड.
मी ईस्टरच्या हॅमसोबत किसायला घेते,
देझ्यो हावाश घेतात वल्हांडणासाठी.
वीस वर्षं एकाच टोपलीत आमचे हात,
आणि बोलणं काय, तर "यंदा महागलंय."

यंदा मात्र म्हणाले, "ओर्शोया, बुधवारी या ना सेदरला.
पूर्वी आम्ही सात असायचो. आता मी आणि नोएमी.
आणि एलीया, पण तो काही जेवत नाही."

मी चर्चच्या मागच्या खोलीत ओस्त्या भाजते.
नुसतं पीठ नि पाणी, लोखंडी साचा, कडा कातरायची कात्री.
म्हणून ती बेखमीर भाकर हातात आली
तेव्हा आधी धंद्याची नजर पडली:
जरा जास्त भाजलीय.
मग दुसरी नजर.
ओळीने भोकं, करपलेले पट्टे.
मला खिळे दिसले, फटके दिसले.
तिन्हींतली मधली मोडून त्यांनी रुमालात गुंडाळली,
पोरीने शोधावी म्हणून लपवली,
आणि माझ्या घशाशी शुक्रवार आला:
तागाचं कापड, थडगं, धोंड.
मी बोलूनही गेले.

हावाशांनी चष्मा पुसला.
"भोकं असतात ती फुगू नये म्हणून.
आणि लपवायची ती पोरांना झोप येऊ नये म्हणून."
नोएमी हसली. मीही हसले, पण कान तापले,
जेवायला बोलावलं, आणि मी
यजमानांच्या फडताळातल्या भांड्यांवर
माझं नाव घालत सुटले होते.

मग गुमान जेवले.
मिठाच्या पाण्यात बुडवलेली हिरवी पानं.
सफरचंद-अक्रोडाचा लगदा, रंग विटांच्या गाऱ्याचा,
आणि गोड.
(गुलामीचा गारा गोड का, हे विचारायचं राहिलं.)
दहा पीडांची नावं घेताना
ते करंगळीने पेल्यातला एकेक थेंब बशीत टाकत गेले.
बुडाले ते शत्रू, तरी आपला पेला भरलेला नको.
आमच्या वेदीवर थेंब सांडला
तर मी गुडघे टेकून तो पुसते.
इथे सांडणं हीच प्रार्थना होती.

नंतर तोर्मा.
नाक, डोळे, टाळू, सगळं पेटलं.
आम्ही तिघंही एकदम रडत होतो,
आणि कारण तेवढंच होतं,
तेवढंच नव्हतं.

"दार उघडता? एलीयासाठी."
मी उठले. मागून ते सहज म्हणाले,
"वडिलांच्या लहानपणी या आठवड्यात याला आतून फळी लावायचे.
शुक्रवारी मिरवणूक जायची ना इथून."
त्या मिरवणुकीत क्रूस माझे आजोबा धरायचे.
घरी हे अभिमानाने सांगतात.
एका जूनमध्ये हेच दार बाहेरून उघडलं गेलं.
त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

कडी जड होती.
जिन्यात अंधार, तिसावरून येणारा गार वारा,
वरच्या मजल्यावर कुणीतरी
कांद्याच्या सालींत अंडी रंगवायला ठेवलेली, त्याचा वास.
कुणी नव्हतं.
उंबऱ्यावर उभी राहून मनात आलं,
तो आलाच तर इथेच येईल आधी,
चपला कुठे काढायच्या हे न विचारता,
घरचा मुलगा जसा उशिरा येतो तसा,
आणि धाकट्यांचे प्रश्न त्याला तोंडपाठ असतील.
मला मात्र कुणीतरी ओळख करून द्यावी लागेल.

नोएमी ओरडली, "थंडी वाजतेय!"
मी दार लावलं. फार घट्ट नाही.

दुसऱ्या दिवशी, प्रभुभोजनाच्या गुरुवारी,
हात तीनदा धुतले, लिंबू चोळलं,
तरी बोटांचा तोर्मा जाईना.
तशाच हातांनी ओस्त्या तबकात रचल्या.
फादरना वास आला असेल.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं
आणि भाकर उचलली.