जायलोय

पुस्तकात लिहिलंय : ही इज ईटिंग. तो खात आहे.
तिसरीचा वर्ग ओरडतो : तो खात आहेऽ.
आणि खिडकीबाहेर बघत रणवीर
शेजारच्याला हळूच सांगतो,
"आयला, शेरडू तुझी वही खायलंय."

सावळजच्या अलीकडची आमची शाळा.
दोन खोल्या, एक हापसा,
रस्त्यापलीकडं बेदाण्याची शेड.
इथं कुणीच कधी खात आहे, जात आहे, झोपत आहे नसतं.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पलूसची मी.
पुण्यात, हॉस्टेलच्या मेसमध्ये, पहिल्याच रात्री
घरून फोन आला. काय करतीस?
"जेवायलोय," म्हटलं,
आणि अख्खं टेबल हसलं.
एक तर जेवायलो, त्यात मुलगी असून लो!
दुसऱ्या दिवसापासून मी जेवते आहे.
गेली सतरा वर्षं मी नीट जेवते आहे.

तर मंगळवारी फळ्यावरचं आहे पुसलं.
म्हटलं, पोरांनो, इंग्रजीतलं ते इंग असतं ना,
ते म्हणजे आपलं आयलाय.
पळायलाय, रनिंग. हसायलीय, लाफिंग.
रडायलंय, क्रायिंग :
ते अंगणवाडीतलं बारकं, रोज अकराच्या ठोक्याला.
मग वर्ग सुटलाच.
"मॅडम, मी पळायलोय!"
अल्फिया मुल्ला, जागच्या जागी पाय आपटत.
आय अ‍ॅम रनिंग.
मुलगी आहे का मुलगा, आय अ‍ॅम विचारत नाही.
बरं आहे त्याचं.

शेवटच्या ओळीत शिवलीला.
शेडवर कामाला आलेल्या अथणीकडच्या माणसांची,
जानेवारीपासून हजेरीत पेन्सिलीनं.
गाल फुगलेला. व्हॉट आर यू डूइंग?
ती खाली बघून म्हणाली, "तिन्नाकत्तीनि."
वर्ग हसला.
ते हसणं मी ओळखलं, टेबलासकट.

म्हणजे खायलोय ना गं? मान हलली.
मग खडू घेतला, एकाखाली एक लिहिलं :
इंग.
आयलोय.
आकत्तीनि.
वाचा, म्हटलं. तीनदा वाचून घेतलं.
रणवीरची जीभ अडकली. शिवलीलानं त्याला
दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडले.

दुपारी सगळ्यांना शेडवर नेलं.
जाळीवर जाळी, छपरापर्यंत,
डिपिंगचा आंबूस वास अंगाला चिकटणारा,
आणि हिरवे मणी, पसरून ठेवलेले, गप्प.
व्हॉट आर द ग्रेप्स डूइंग?
चुकलंच माझं. द्राक्षं काय करणार?
स्लीपिंग, कुणीतरी म्हणालं.
"नथिंग, मॅडम. पडून हायती."
शिवलीला जाळीला नाक लावून उभी होती.
एक मणी चिमटीत धरला, सुरकुती बघितली,
मागं बाया देठं काढत बसलेल्या, त्यांच्यात तिची आज्जी,
तिच्याकडंही बघितलं एकदा.
"दे आर ओल्डिंग."

असा शब्द नाही. सांगायला पाहिजे होतं.
तिथं बारा-पंधरा दिवस
कुणी काही करत नाही,
आणि तरी होत असतं काहीतरी. त्याला काय म्हणायचं
हे माझ्या डी.एड.ला नव्हतं.
"करेक्ट," म्हटलं.

टाचणवहीत रकाना असतो, घटक पूर्ण झाला का.
त्यात अजून काही लिहिलेलं नाही.
साहेब येतील तेव्हा बघू.

साडेपाचची एसटी. धुरळा.
शेडच्या पायरीवर शिवलीला, हातात भाकरीचा तुकडा,
लांबूनच ओरडली, "मॅडम! यू आर गोइंग?"
येस, आय अ‍ॅम, एवढंच म्हणायचं होतं.
तोंडातून निघालं,
"जायलोय गंऽ!"
गाडीत कुणी हसलं नाही.
कंडक्टर म्हणाला, मग चढा की.